पन्नास हर्ट्झचा माग

छातीवर तीन इलेक्ट्रोड लावून स्क्रीनकडे बघावं, तर ठोक्याची कोरीव रेघ दिसायच्या जागी सुरवंटासारखा जाड, केसाळ पट्टा सरकत असतो. ठोके त्यातच असतात, पण पट्ट्याच्या काठावर किंचित उंचवटे येतात तेवढंच. हृदयाचे (ईसीजी), मेंदूचे (ईईजी) किंवा स्नायूंचे (ईएमजी) विद्युत संकेत टिपणारं उपकरण स्वतः बांधणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचा हा पट्टा येतो. पहिला मोहही सगळ्यांचा एकच असतो: सॉफ्टवेअरमध्ये ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर (तेवढी एकच वारंवारता छाटणारा) टाकायचा आणि पुढे जायचं. माझा आग्रह आहे की तो फिल्टर शेवटपर्यंत बंद ठेवावा. पट्टा कुठून तरी आत येतोय, आणि ती वाट सापडेपर्यंत तो दिसत राहायला हवा. ताप कशाचा आहे हे कळायच्या आधीच तो उतरवला, तर वैद्याने बघायचं काय?

आधी आकडे समोर ठेवू. ईसीजीतला सर्वांत उंच सुळका साधारण १ मिलिव्होल्टचा. ईईजी १० ते १०० मायक्रोव्होल्ट. भिंतीतल्या वायरमध्ये २३० व्होल्ट. शरीर त्या वायरला कुठेही टेकलेलं नसतं, पण दोघांच्या मधल्या हवेमुळे एक इवलासा कपॅसिटर आपोआप तयार होतो. तो ३ पिकोफॅरड धरू. शरीर आणि जमीन यांच्यातला कपॅसिटर त्याच्या शंभरपट, ३०० पिकोफॅरडच्या आसपास. ३ पिकोफॅरडमधून ५० हर्ट्झला सुमारे ०.२ मायक्रोअँपिअर करंट वाहतो. या दोन कपॅसिटरमध्ये २३० व्होल्टची वाटणी झाली की शरीराच्या वाट्याला २ व्होल्टहून थोडे जास्तच येतात. खुर्चीवर शांत बसलेला माणूस सेकंदाला पन्नास वेळा दोन व्होल्टनी वर-खाली होत असतो, आणि आपण त्याच्या अंगावरचा एक हजारांश व्होल्ट शोधत असतो.

हे जमतं, कारण सगळं शरीर एकदम हलतं. लोकलमध्ये शेजारी बसलेले दोघे गाडीबरोबर कितीही हलले, तरी त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. डिफरन्शिअल अ‍ॅम्प्लिफायर हे अंतरच मोजतो. दोन्ही इलेक्ट्रोडवर सारखा आलेला कॉमन-मोड व्होल्टेज तो टाकून देतो, आणि किती चांगला टाकतो ते सीएमआरआर (कॉमन-मोड नाकारण्याचं प्रमाण) या नावाने डेसिबलमध्ये लिहिलेलं असतं. घोटाळा होतो तो एका प्रवाशाची सीट ढिली असली की. एका इलेक्ट्रोडचा इंपिडन्स (एसी करंटला होणारा विरोध) दुसऱ्यापेक्षा १० किलोओहमने जास्त आहे असं समजा. एक मीटर शील्डेड केबलचा कपॅसिटन्स १०० पिकोफॅरडच्या घरात असतो, म्हणजे ५० हर्ट्झला सुमारे ३२ मेगाओहम. १० किलोओहम आणि ३२ मेगाओहम यांचं गुणोत्तर एकास तीन हजार दोनशे. दोन व्होल्टच्या कॉमन-मोडमधून इथेच ०.६ मिलिव्होल्टचा खोटा सिग्नल तयार झाला, तोही अ‍ॅम्प्लिफायरच्या दारात. आयसीच्या (चिपच्या) डेटाशीटवर १०० डेसिबल लिहिलेले असोत की १२०, दारात फरक बनून आलेली गोष्ट तो इमानदारीने मोठी करून देणारच.

सर्किटच्या ग्राउंडला जोडलेल्या तिसऱ्या इलेक्ट्रोडचं काम इथे कळतं. ते ०.२ मायक्रोअँपिअर त्या इलेक्ट्रोडमधून वाट काढतात. त्याचा इंपिडन्स ५० किलोओहम असला तर कॉमन-मोड दोन व्होल्टवरून १० मिलिव्होल्टवर येतो, आणि वरचा ०.६ मिलिव्होल्ट ३ मायक्रोव्होल्टवर. पण दुसरी एक वाट उरतेच. इलेक्ट्रोडच्या उघड्या वायरमध्येही मेन्समधून (घरच्या वीजपुरवठ्यातून) थोडा करंट शिरतो, आणि तो इलेक्ट्रोडमधूनच शरीरात उतरतो. हा करंट फक्त ६ नॅनोअँपिअर आणि दोन इलेक्ट्रोडमधला फरक २० किलोओहम असेल, तर १२० मायक्रोव्होल्ट झाले. ईईजी त्याखाली पूर्ण बुडतो. यावर महागडा आयसी हा उपाय नाही. वायर शील्ड करणं आणि त्वचा नीट तयार करणं हाच आहे.

त्वचेचं काम कंटाळवाणं आहे, म्हणून सगळे ते उरकतात. कोरड्या, न घासलेल्या त्वचेवर छोट्या इलेक्ट्रोडचा इंपिडन्स ५० हर्ट्झला शेकडो किलोओहम भरू शकतो. स्पिरिटने पुसणं, मऊ घासणाऱ्या पेस्टने किंवा टेपने हलकेच दोन-तीन वेळा घासणं, आणि जेल त्वचेत मुरायला काही मिनिटं देणं, एवढ्याने तो काही किलोओहमवर येतो. ईईजीत ५ किलोओहमच्या खाली आणायची पद्धत आहे. जेलवाल्या इलेक्ट्रोडचा पुडा उघडून आठवडाभर पडला तर जेल वाळतं, मग कितीही घासा. इंपिडन्स साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर मोजू नये. मीटरचा डीसी करंट इलेक्ट्रोडला पोलराइझ करतो आणि आकडा सरकत राहतो. मोजायचा तर छोट्या एसी करंटवर. एका जोडीत दोन वेगळ्या धातूंचे इलेक्ट्रोड तर कधीच नकोत. त्यांच्यातला डीसी फरक शेकडो मिलिव्होल्टवर जाऊ शकतो, आणि पहिल्याच टप्प्यात हजारपट मोठं करणारा अ‍ॅम्प्लिफायर त्याने आपल्या कमाल मर्यादेच्या भिंतीला जाऊन टेकतो. ईसीजीच्या मानकांत उपकरणाने ±३०० मिलिव्होल्टचा असा फरक सोसावा अशी अट आहे, ती याचसाठी.

ईसीजीचा जनक आइंटहोव्हेन याची जुनी छायाचित्रं या बाबतीत बघण्यासारखी आहेत. माणसाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवलेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या स्ट्रिंग गॅल्व्हानोमीटरला (चुंबकात ताणलेल्या तारेच्या हालचालीवरून करंट मोजणाऱ्या यंत्राला) अ‍ॅम्प्लिफायरचा आधार नव्हता, म्हणून संपर्काचा रोध शक्य तितका कमी हवा होता. सगळा पंजा हाच इलेक्ट्रोड. १९२४ सालचं नोबेल मिळालेल्या त्या कामाचा पाया त्या भांड्यांतल्या पाण्यात होता असं मला नेहमी वाटतं.

आता प्रत्यक्ष माग. तो अर्ध्या-अर्ध्याने काढायचा. विहिरीवरचा पंप चालू आहे पण नळाला पाणी नाही, तर प्लंबर मधला व्हॉल्व्ह उघडून बघतो, तसं. पहिली पायरी: उपकरणाच्या कनेक्टरवरच तिन्ही इनपुट एकमेकांना जोडा. माणूस नाही, केबल नाही. आता जो आकडा मिळतो तो उपकरणाचा स्वतःचा नॉइज, आणि तो डेटाशीटशी पडताळता येतो. ईसीजीच्या एडी८२३२ चिपला ०.५ ते ४० हर्ट्झमध्ये १४ मायक्रोव्होल्टच्या आसपास पीक-टू-पीक (शिखरापासून तळापर्यंत) नॉइज अपेक्षित आहे. ईसीजीला पुरेसा, ईईजीला निरुपयोगी. ईईजीच्या एडीएस१२९९ चिपला ७० हर्ट्झच्या बँडविड्थमध्ये १ मायक्रोव्होल्टच्या आसपास. इथेच आकडा दसपट आला तर माणसाला खुर्चीवर बसवून काही उपयोग नाही. बोर्डावर बघा: पॉवर सप्लाय, डीकपलिंग कपॅसिटर, ग्राउंडची वाट. प्लॅस्टिकच्या पेनाने बोर्डावर हलकेच टकटक करा. रेघ उडाली तर सोल्डर कच्चं आहे, किंवा सिग्नलच्या वाटेतला सिरॅमिक कपॅसिटर मायक्रोफोनसारखा वागतोय. एक्स७आर जातीचे कपॅसिटर असे वागतात. त्या जागी सी०जी किंवा फिल्म कपॅसिटर लावावा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायर घेतला असेल आणि भाव संशयास्पद कमी असेल, तर तो खरा आहे की नाही हेही याच पायरीवर कळतं. बनावट आयसी इनपुट शॉर्ट केल्यावरही खरखरतो.

दुसऱ्या पायरीला केबल लावा आणि तिच्या टोकाला तिन्ही क्लिप एकत्र जोडा. वाढलेला नॉइज केबलचा. तो विद्युत क्षेत्राचा आहे की चुंबकीय, हे हातानेच तपासता येतं. केबलजवळ हात नेला की बदलतो तो विद्युत क्षेत्राचा, त्याला शील्ड हवं. वायरी एकमेकींपासून लांब पसरल्या की वाढतो आणि पीळ दिला की मिटतो, तो चुंबकीय. वायरींनी वेढलेल्या क्षेत्रफळात व्होल्टेज तयार होतं: ०.१ चौरस मीटरचा फास आणि १ मायक्रोटेस्ला क्षेत्र असेल तर सुमारे ३० मायक्रोव्होल्ट. ट्रान्सफॉर्मरवाल्या जुन्या अ‍ॅडॅप्टरशेजारी एवढं क्षेत्र सहज मिळतं. शील्डच्या तांब्याच्या जाळीला ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र जुमानत नाही. उपाय दोनच: वायरींची वेणी घालणं आणि अ‍ॅडॅप्टर दूर नेणं. शील्ड फक्त अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकाला जोडायचं. दोन्हीकडे जोडलं तर आपण नवा फास विणला.

तिसऱ्या पायरीला माणसाच्या जागी रेझिस्टर. १० किलोओहमचे तीन, चांदणीच्या आकारात जोडून प्रत्येक क्लिपला एक. त्यांचा स्वतःचा उष्मीय नॉइज १०० हर्ट्झच्या बँडविड्थमध्ये ०.१३ मायक्रोव्होल्ट, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगा. रेघ स्वच्छ राहिली तर त्यातला एक काढून तिथे ५१ किलोओहम आणि ४७ नॅनोफॅरड समांतर जोडा. ईसीजी उपकरणांच्या चाचणीत बिघडलेल्या इलेक्ट्रोडच्या जागी हीच जोडी वापरतात. इथे पट्टा उगवला तर उपकरण असमतोल सोसत नाही हे ठरलं. मग चौथी पायरी, खरा माणूस. तिथे पट्टा आला तर दोन इलेक्ट्रोडच्या वायरी आपसांत बदलून बघा. त्रास वायरीबरोबर गेला की त्वचेपाशीच थांबला, यावरून दोषी ठरतो.

प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट बदलायची, आणि आकडा वहीत लिहायचा. “बराच कमी झाला” असं लिहिलं तर तिसऱ्या दिवशी त्याचा काही अर्थ उरत नाही. दहा सेकंदांच्या नोंदीचा आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) काढा, मायक्रोव्होल्टमध्ये. सोबत वेळ, खोली, चालू दिवे आणि पंखे. पावसाळा आहे का, तेही लिहा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बोर्डावर राहिलेलं सोल्डरिंगचं फ्लक्स ओलावा धरतं आणि मेगाओहमच्या इनपुटपाशी गळती सुरू होते. एप्रिलमध्ये शांत असलेला बोर्ड जुलैत सरकायला लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने धुतला की पुन्हा ताळ्यावर येतो. विदर्भातल्या कोरड्या थंडीत याच्या उलट, सिंथेटिक कपड्यांच्या घर्षणाने स्थिर विजेचे झटके रेघेवर उमटतात.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार मात्र बोर्डावर नसतोच. तो लॅपटॉपचा चार्जर असतो. दोन पिनांच्या चार्जरमध्ये मेन्सची बाजू आणि आउटपुट यांच्यामध्ये वाय जातीचा छोटा कपॅसिटर असतो. तो १ नॅनोफॅरडचा धरला तरी त्यातून दहा-दहा मायक्रोअँपिअरच्या पटीत करंट येतो, हवेतून येणाऱ्या ०.२ च्या शंभरपटीहून अधिक. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर बोट फिरवल्यावर जाणवणारी झिणझिण त्याचीच. यूएसबी वायरीतून तो थेट आपल्या सर्किटच्या ग्राउंडवर येतो आणि माणसातून जमिनीकडे जातो. चार्जर काढा, पट्टा क्षणात बारीक होतो.

आणि चार्जर काढायचं याहून मोठं कारण सुरक्षितता हे आहे. छातीवर इलेक्ट्रोड लावलेला माणूस मेन्सशी जोडलेल्या कुठल्याही घरगुती उपकरणाला कधीही जोडू नये. स्वस्त चार्जरचं इन्सुलेशन फुटलं तर त्या माणसाच्या आणि २३० व्होल्टच्या मध्ये काहीच उरत नाही. वैद्यकीय उपकरणांच्या आयईसी ६०६०१-१ मानकात हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या भागांसाठी गळतीची मर्यादा सामान्य स्थितीत १० मायक्रोअँपिअर आहे, यावरून या गोष्टीचं वजन कळावं. बॅटरीवरचं उपकरण, बॅटरीवरचा लॅपटॉप किंवा ब्लूटूथ, हाच घरचा नियम. ऑसिलोस्कोपचा ग्राउंड मेन्सच्या अर्थिंगला जोडलेला असतो. तो फक्त रेझिस्टरच्या नकली माणसावर वापरायचा. पॉवर बँकही तपासून घ्यावी. तिच्यातला बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज वाढवणारं सर्किट) हलक्या लोडवर थांबून-थांबून चालतो आणि त्याची लय सिग्नलच्या पट्ट्यात उतरते. करंट फारच कमी असला तर ती बंदही होते. चार साधे एए सेल लावून तुलना केली की शंका फिटते.

कधीकधी वाट सापडत नाही, तेव्हा स्पेक्ट्रम बघावा. प्रत्येक त्रासाची स्वतःची सही असते. एकटा ५० म्हणजे भिंतीतली वायर. ५० सोबत १००, १५०, २०० अशा त्याच्या पटी (हार्मोनिक) दिसल्या तर रेक्टिफायर किंवा ट्रायॅकचा (विजेची लाट कापणाऱ्या स्विचचा) पंख्याचा रेग्युलेटर. तो प्रत्येक अर्ध्या चक्रात एकदा झटका देतो. पंखा पूर्ण वेगावर ठेवला किंवा बंद केला की ही माळ गळून पडते. २१७ हर्ट्झ म्हणजे जुन्या टूजी फोनचा रेडिओ, स्पीकरमध्ये टरटरणारा तोच. त्याची वारंवारता गिगाहर्ट्झजवळची असली तरी इनपुटचा ट्रान्झिस्टर तिला रेक्टिफाय करतो. तेव्हा इनपुटवर छोटा आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) फिल्टर, दोन्ही बाजूंना काटेकोर सारखा.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर मोजणाऱ्यांसाठी एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्याकडे ती नेहमीचीच आहे. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाट देतो. चौकोनी लाटेत तिसरी हार्मोनिक मूळच्या एक-तृतीयांश, पाचवी एक-पंचमांश. पण हवेतला तो ३ पिकोफॅरडचा कपॅसिटर वारंवारतेच्या प्रमाणात जास्त करंट सोडतो: १५० ला तिप्पट, २५० ला पाचपट. गुणाकार केला की सगळ्या विषम हार्मोनिकचे करंट सारखे. ५०, १५०, २५०, ३५०, सगळे एकाच उंचीचे. इथे ५० चा नॉच लावून एक दात काढला तरी बाकीची कवळी तशीच.

सॅम्पलिंगमध्ये दोन सापळे आहेत. पहिला, अनियमित वेळ. आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या लूपमध्ये डिले टाकून आणि मध्येच सिरियलवर छापत घेतलेले नमुने समान अंतरावर नसतात. अर्ध्या मिलिव्होल्टच्या ५० हर्ट्झवर १ मिलिसेकंदाची चूक झाली तर ०.१५ मिलिव्होल्टपर्यंत चूक पडते, आणि ती स्पेक्ट्रमभर पसरते. मग नॉच लागत का नाही म्हणून फिल्टरची गणितं तपासत बसायचं. नमुने टायमर इंटरप्टवरच घ्यावेत. दुसरा सापळा घडीचा (एलियासिंग): नमुने घेण्याच्या वेगाच्या निम्म्याहून वरची वारंवारता खोट्या, खालच्या जागी दिसते. सेकंदाला २५० नमुने घेतले आणि एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागाच्या) आधी लो-पास (वरच्या वारंवारता अडवणारा) फिल्टर नसला, तर २०० हर्ट्झ घडी पडून ५० वर येतो. पाचव्या हार्मोनिकचं तर विशेषच. भारतीय ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राखायची असते, म्हणजे ती नेमकी ५० असेलच असं नाही. ४९.९५ असताना पाचवी हार्मोनिक २४९.७५, २५० मधून वजा जाता ०.२५ हर्ट्झ. मिनिटाला पंधरा हेलकावे! ईसीजीची बेसलाइन श्वासाबरोबर डोलते आहे असं कोणीही म्हणेल. माणसाला दहा सेकंद श्वास रोखायला सांगा. रेघ तरीही डोलत राहिली तर डोलतोय तो देशाचा ग्रिड.

उजव्या पायाचा ड्राइव्ह हे फार सुंदर सर्किट आहे. कॉमन-मोड मोजायचा, उलटा करायचा, मोठा करायचा आणि तिसऱ्या इलेक्ट्रोडमधून शरीरात परत सोडायचा. शरीर हलू लागलं की सर्किट त्याला उलट्या दिशेने धरून ठेवतं. ४० च्या आसपास गेन (मोठं करण्याचं प्रमाण) असेल तर हालचाल चाळीसपट कमी होते. शरीरात जाणारा करंट मर्यादित ठेवणारा रेझिस्टर हवाच: ३.३ व्होल्टच्या सर्किटमध्ये ३३० किलोओहम लावला की काहीही बिघडलं तरी १० मायक्रोअँपिअरच्या वर जात नाही. पण शरीर या फीडबॅकच्या आत असतं. इलेक्ट्रोड सुकला, केबल लांबली की फेज सरकतो आणि सर्किट स्वतःच किलोहर्ट्झमध्ये ओरडायला लागतं. रेघ तेव्हा फक्त जाड दिसते, म्हणून लोक मेन्सला दोष देतात. फीडबॅकचा कपॅसिटर वाढवून बघावा. आणि तो इलेक्ट्रोड सुटला असेल तर बाकी काहीच बघू नये, आधी तो चिकटवावा.

एवढं झाल्यावर जो थोडा ५० उरतो, त्याच्यासाठी नॉच. त्याची किंमत माहीत असावी. अरुंद नॉच ईसीजीच्या उंच सुळक्यानंतर झणझणत राहतो आणि एसटी भागावर लाटा उमटवतो, जिथे डॉक्टर हृदयविकाराच्या खुणा शोधतात. ईएमजीत ५० ते १५० हर्ट्झमध्येच स्नायूची बरीचशी ताकद असते. तिथे नॉच म्हणजे पिकासकट तण काढणं.

आणि काही वेळा ज्याचा माग काढतोय तो नॉइज नसतोच. थंडी वाजणाऱ्या माणसाचे स्नायू ईसीजीवर बारीक गवत उगवतात. त्यावर औषध चादर. पार्किन्सनचा कंप सेकंदाला चार ते सहा वेळा होतो, आणि अलिंदाचा (हृदयाच्या वरच्या कप्प्याचा) फ्लटर मिनिटाला तीनशे, म्हणजे सेकंदाला पाच. इलेक्ट्रोड मनगटावरून खांद्याकडे सरकवले की कंपाचा भाग कमी होतो, फ्लटर कमी होत नाही.

उलटंही घडतं. ईएसपी३२ या वाय-फाय असलेल्या चिपवर बांधलेला ईईजी स्वतःचं वाय-फाय नेटवर्क उभारत असेल, तर तो दर १०२.४ मिलिसेकंदांनी बीकन (आपण हजर आहोत अशी हाक) पाठवतो, आणि प्रत्येक प्रक्षेपणाला शेकडो मिलिअँपिअर ओढतो. सप्लाय कच्चा असला तर प्रत्येक वेळी अ‍ॅनालॉग रेल (सिग्नलच्या भागाचा वीजपुरवठा) दचकते. सेकंदाला ९.७७ वेळा. मेंदूचा अल्फा ताल ८ ते १३ हर्ट्झचा. येनामध्ये हान्स बर्गरने १९२९ मध्ये जगापुढे मांडलेला, डोळे मिटल्यावर उमलणारा. डोक्याच्या मागच्या बाजूला इलेक्ट्रोड लावून बसलेल्या विद्यार्थ्याला स्क्रीनवर ९.७७ चा सुबक सुळका दिसला तर त्याचं मन भरून येणारच. त्याने १९.५ आणि २९.३ वरही सुळके आहेत का ते बघावं. मग डोळे मिटावेत, वीस सेकंदांनी उघडावेत, पुन्हा मिटावेत. अल्फा डोळे उघडताच ओसरतो. बीकनला पापण्यांची खबर नसते. तो तसाच उभा राहिला, तर अ‍ॅनालॉग भागाला वेगळा रेग्युलेटर आणि ईएसपी३२ च्या सप्लायला मोठा कपॅसिटर द्यायचा, आणि पहिल्या पायरीपासून, इनपुट शॉर्ट करून, पुन्हा सुरुवात करायची.